बोगद्याच्या तोंडाशी नोंदवही

२८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने एक आदेश काढला. देशातल्या संगणक यंत्रणांवर होणारे हल्ले, घुसखोरी, माहितीची चोरी यांवर लक्ष ठेवणे हे या संस्थेचे काम. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब ने तिला त्यासाठीचे अधिकार दिले आहेत. आदेशाचा बराचसा भाग रुक्ष पण कामाचा होता: हल्ला झाल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा, सगळ्या यंत्रणांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवा, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा. पाचव्या कलमात मात्र सूर बदलला. डेटा सेंटर, क्लाउड, भाड्याने सर्व्हर देणारे आणि व्हीपीएन पुरवणारे यांनी आपल्या प्रत्येक ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, सेवा कधीपासून कधीपर्यंत घेतली त्या तारखा, त्याला दिलेले आयपी पत्ते, नोंदणी करतानाचा ईमेल, त्या क्षणीचा आयपी पत्ता आणि वेळ हे सगळे लिहून ठेवायचे. आणि ग्राहक सोडून गेल्यानंतरही किमान पाच वर्षे सांभाळायचे. या यादीत आणखी एक रकाना होता, सेवा घेण्याचा उद्देश. व्हीपीएन घेणारा माणूस या रकान्यात काय लिहिणार? ‘मला कोणी पाहू नये म्हणून’ हे खरे उत्तर. ते लिहिताक्षणी त्याचा अर्धा उपयोग संपतो.

तो कसा संपतो हे कळण्यासाठी व्हीपीएन म्हणजे नेमके काय ते आधी पाहू. आपण मोबाइलवरून एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ती मागणी आधी आपल्या इंटरनेट कंपनीकडे जाते. आजकाल बहुतेक संकेतस्थळे कूटबद्ध असतात, त्यामुळे आपण तिथे काय वाचले हे कंपनीला सहसा दिसत नाही. पण कुठे गेलो, किती वाजता गेलो, किती वेळ थांबलो हे दिसते. पलीकडे त्या संकेतस्थळाला आपला आयपी पत्ता दिसतो आणि त्यावरून आपले शहर, इंटरनेट कंपनी यांचा अंदाज बांधता येतो. व्हीपीएन या दोघांच्या मध्ये एक तिसरा सर्व्हर आणून बसवते. आपल्या उपकरणापासून त्या सर्व्हरपर्यंत कूटबद्ध बोगदा तयार होतो आणि पुढचा प्रवास त्या सर्व्हरच्या नावाने होतो. इंटरनेट कंपनीला फक्त बोगद्याचे अलीकडचे तोंड दिसते, संकेतस्थळाला फक्त पलीकडचे. दोन्ही तोंडे एकाच वेळी पाहू शकणारा एकच जण उरतो, तो म्हणजे व्हीपीएन कंपनी. म्हणजे व्हीपीएनमुळे विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही, ती एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे सरकते. दुसऱ्या कंपनीवर विश्वास का ठेवायचा, तर तिच्याकडे सांगण्यासारखे काही नसते म्हणून. चांगल्या व्हीपीएनचा सगळा व्यवसाय न ठेवलेल्या नोंदींवर उभा असतो.

हा दावा एकदा तरी कठीण परिस्थितीत तपासला गेला आहे. तुर्कस्तानात रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव्ह यांची डिसेंबर २०१६ मध्ये अंकारात हत्या झाली. मारेकऱ्याची ऑनलाइन खाती नंतर कोणीतरी पुसून टाकली आणि त्यासाठी एक्स्प्रेसव्हीपीएन वापरल्याचा माग तपासात लागला. पोलिसांनी त्या कंपनीचा तुर्कस्तानातला सर्व्हर थेट जप्त केला. त्यात उपयोगी असे काहीच सापडले नाही. पुढे २०१९ मध्ये याच कंपनीने हार्ड डिस्क नसलेले, केवळ तात्पुरत्या स्मृतीवर चालणारे सर्व्हर आणले. वीज गेली की पाटी कोरी. कोणाला हे गुन्हेगाराला दिलेले संरक्षण वाटेल, आणि त्या एका प्रकरणापुरते ते झालेही असेल. पण या रचनेत एक दुसरी गोष्टही आहे. जी माहिती साठवलीच नाही ती चोराला मिळत नाही, फितूर कर्मचाऱ्याला विकता येत नाही आणि उद्याच्या सरकारलाही मागता येत नाही. सर्ट-इनच्या आदेशाने नेमकी हीच रचना भारतात बेकायदा ठरवली.

पुढे काय होणार याचा अंदाज तेव्हाही बांधता येत होता. मे २०२२ मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी स्पष्टच सांगितले की, नियम पाळायचे नसतील तर कंपन्यांनी भारतातून बाहेर पडावे. त्या बाहेर पडल्या. जूनमध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेण्याची घोषणा केली, सप्टेंबरमध्ये प्रोटॉनने केली. गेले ते फक्त सर्व्हर. ग्राहक जागच्या जागी राहिले. एक्स्प्रेसव्हीपीएनने सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या यंत्रांवरून भारतीय आयपी पत्ते द्यायला सुरुवात केली. म्हणजे दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या मराठी माणसाला भारतात असल्यासारखे इंटरनेट मिळते ते सिंगापूरहून, आणि नागपुरातला ग्राहक त्याच कंपनीचा परदेशी सर्व्हर पूर्वीसारखाच वापरतो. भारतीय पोलिसांना निदान दारावर जाऊन जप्त करता येईल असे यंत्र जे इथे होते, तेही आता परदेशी कायद्याच्या छत्राखाली गेले. वास्तविक हा आदेश देशाबाहेरून भारतीयांना सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे असे सर्ट-इनचे म्हणणे होते. पण ज्या कंपनीचे इथे कार्यालय नाही, कर्मचारी नाही आणि सर्व्हरही नाही, तिला एक वर्षाची कैद किंवा लाखभराचा दंड या तेव्हाच्या तरतुदीची भीती ती काय वाटणार?

भीती वाटणारे इथेच होते. पुण्यातली एस.एन.टी. होस्टिंग्ज ही अशीच एक छोटी कंपनी. सर्व्हर भाड्याने देणे आणि व्हीपीएन हा तिचा धंदा. तिने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कायदेशीर मदतीने सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात या आदेशाला आव्हान दिले. पनामा किंवा ब्रिटिश व्हर्जिन बेटांत नोंदलेल्या बड्या कंपनीला सर्व्हर हलवणे म्हणजे एका आठवड्याचे काम. पुण्यातल्या लघुउद्योजकाने कुठे हलवायचे? त्याने प्रत्येक ग्राहकाची कागदपत्रे तपासायची, पाच वर्षे जपायची, त्यांच्या सुरक्षिततेचा खर्च सोसायचा आणि मग, नोंद ठेवत नाही असे सांगणाऱ्या परदेशी स्पर्धकाशी त्याच बाजारात झुंजायचे. ज्यांच्यावर नियमाचा धाक चालावा असे वाटत होते ते हातातून निसटले आणि जे आधीच कायद्याच्या कक्षेत होते त्यांच्यावर सगळा भार पडला. माझ्या मते हा अंमलबजावणीतला ढिसाळपणा नाही. नियमाच्या घडणीतच हा दोष आहे. नोंदवही ठेवण्याची सक्ती ज्याचा पत्ता तुमच्याकडे आहे त्याच्यावरच करता येते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. गुन्हे खरे आहेत. १ मे २०२४ रोजी दिल्ली आणि परिसरातल्या शंभरावर शाळांना बॉम्बच्या धमकीचे ईमेल आले, हजारो मुलांना वर्गातून बाहेर काढावे लागले आणि तपास रशियातल्या ईमेल सेवेपाशी जाऊन पोहोचला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि देशातले हे नावाजलेले सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर चालले. अशा वेळी तपास अधिकाऱ्याने ‘आयपी पत्ता व्हीपीएनचा निघाला’ म्हणून हात टेकावेत का? टेकू नयेत. पण ज्या दोन प्रकरणांचा सगळ्यात जास्त गवगवा झाला त्यांचीच उदाहरणे घेऊन पाहा. रशियन ईमेल सेवेने भारतीय नोंदवही ठेवली नसती. खंडणीखोर टोळ्या नावगाव पडताळून व्हीपीएन घेत नाहीत. त्या चोरलेली खाती, दुसऱ्याचे घुसखोरीने ताब्यात घेतलेले संगणक वापरतात. त्यांच्यासाठी पडताळणी हा अडथळा नसतो, फार तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर संशय ढकलण्याची सोय असते. मोबाइलच्या सिमकार्डाचा अनुभव डोळ्यांसमोर आहेच. भारतात ओळखपत्राशिवाय सिम मिळत नाही, तरी ‘डिजिटल अटके’ची धमकी देऊन म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटणारे फोन नोंदणीकृत क्रमांकांवरूनही येतात आणि दूरसंचार विभागाला बनावट कागदपत्रांवर घेतलेली लाखो सिमकार्डे बंद करावी लागली आहेत.

शिवाय तपास यंत्रणा अगदी आंधळी होती असेही नाही. इंटरनेट कंपन्यांना त्यांच्या परवान्याच्या अटींनुसार ग्राहकांच्या जोडणीच्या नोंदी दोन वर्षे ठेवाव्या लागतात. डिसेंबर २०२१ पर्यंत ही मुदत एक वर्ष होती, ती वाढवली. म्हणजे अमुक ग्राहक अमुक वेळी अमुक व्हीपीएन सर्व्हरला जोडला गेला होता एवढे पोलिसांना आधीच कळू शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली एखाद्या संशयिताच्या संभाषणावर पाळत ठेवण्याचा, ते उलगडून मागण्याचा अधिकारही आहे, आणि सहकार्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या अधिकारावर न्यायाधीशाची सही लागत नाही, गृह सचिवांची पुरते, ही त्यातली मोठी उणीव आहे. तरीही तो अधिकार निदान एखाद्या ठरावीक माणसाबद्दल, एखाद्या ठरावीक कारणाने वापरायचा असतो. २०२२ च्या आदेशाला ना माणूस लागतो ना कारण. आधी सगळ्यांची नोंद करा, संशय पुढे कधीतरी घेऊ, असा त्याचा क्रम आहे.

हा क्रम आपल्याकडे नवा नाही. २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्र पाहिल्याशिवाय संगणक द्यायला बंदी केली, ग्राहकांची वही आणि उघडलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष ठेवायला सांगितले, आणि खुर्च्यांमधली फळी साडेचार फुटांहून उंच नको असेही बजावले. फळीआड नसलेल्या संगणकांचे पडदे कॅफेतल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवायचे होते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावे. त्या नियमांचे पुढे काय झाले याची चर्चा करायची वेळच आली नाही. स्मार्टफोन आले आणि कॅफे मोडीत निघाले. पण साडेचार फुटांची फळी सरकारी विचारपद्धतीत टिकून राहिली.

दुसरा आक्षेप जरा तांत्रिक आहे आणि सरकारने तो स्वतःच मांडला. आम्ही फक्त ग्राहकाचे नाव-पत्ते मागतो, त्याने काय पाहिले ते मागत नाही, मग खासगीपणावर घाला कसला? १८ मे २०२२ रोजी प्रसिद्ध केलेल्या प्रश्नोत्तरांत सर्ट-इनने तसे म्हटलेही आहे. पण नाव आणि आयपी पत्ता हे दोन वेगळे तपशील नाहीत, ती जोडीच कळीची आहे. संकेतस्थळांकडे आयपी पत्त्याने केलेल्या भेटींच्या नोंदी असतातच. त्या पत्त्यामागचे नाव मिळाले की सगळी मालिका उलगडते. त्यात याच प्रश्नोत्तरांत १८० दिवस ठेवायच्या नोंदींची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत व्हीपीएनच्या नोंदींचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्या सेवेने नोंद ठेवायची नाही असा ग्राहकाशी करार केला, तिने नोंद ठेवायची आणि ‘पाहिले काही नाही’ असेही म्हणायचे, ही कसरत कोणाला जमणार?

आणि साठवलेली माहिती साठवलेली राहत नाही. जुलै २०२० मध्ये हाँगकाँगमधल्या यूएफओ व्हीपीएन आणि तिच्या काही भावंड-सेवांचा डेटा उघड्यावर सापडला. नोंद ठेवत नाही अशी जाहिरात करणाऱ्या या सेवांच्या साठ्यात ग्राहकांचे आयपी पत्ते आणि न झाकलेले पासवर्ड होते. जून २०२३ मध्ये लसीकरणासाठी दिलेले लोकांचे तपशील टेलिग्रामवरच्या एका बॉटमधून मिळू लागले. कोविन या लसीकरण-नोंदणीच्या सरकारी यंत्रणेच्या मूळ साठ्याला धक्का लागलेला नाही असा सरकारचा खुलासा होता, पण ज्याचा आधार क्रमांक आणि जन्मवर्ष तिथे दिसले त्याला या फरकाचे काय? व्हीपीएन घेणाऱ्यांची पाच वर्षांची, पडताळलेली, उद्देशासह यादी हा तर चोरांच्या दृष्टीने निवडक माल. घरातल्या हिंसक माणसापासून लपलेली बाई, बातमीचा स्रोत सांभाळणारा पत्रकार, आपला लैंगिक कल घरच्यांना न सांगितलेला तरुण, ही सगळी माणसे एकाच वहीत, पत्त्यासकट. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की काम झाले की माहिती पुसा. त्याच कायद्यात लगेच अपवाद आहे, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तर ठेवा. सर्ट-इनचा आदेश त्या अपवादात चपखल बसतो. भरीला नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. किती ग्राहकांची माहिती मागवली, किती वेळा, कोणत्या प्रकरणात, हे विचारायची सोय त्यामुळे जवळजवळ उरली नाही.

आता उलट बाजूचा आक्षेप, जो मला सगळ्यांत सबळ वाटतो: व्हीपीएन कंपन्या तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या आहेत? नाहीतच. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिचे ‘संरक्षक’ व्हीपीएन वापरणारे लोक कोणती ॲप किती वेळ वापरतात याची माहिती फेसबुक स्वतःच्या धंद्यासाठी गोळा करत होते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने त्याबद्दल दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. नोंद ठेवत नाही म्हणणाऱ्या प्युअरव्हीपीएनने २०१७ मध्ये एका सायबर छळाच्या प्रकरणात अमेरिकी तपास यंत्रणेला नोंदी पुरवल्याचे न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले. तो आरोपी पकडला गेला हे चांगलेच झाले, पण कंपनी ग्राहकांना सांगत होती ते खरे नव्हते एवढे त्यातून सिद्ध होते. फुकट व्हीपीएनच्या जाहिराती तर ‘बँकेसारखी सुरक्षा’ अशा शब्दांत बोलतात आणि पैसे जाहिरातदारांकडून घेतात. तेव्हा नियमन हवेच. पण कोणते? नोंद ठेवत नाही असा दावा करणाऱ्याने तो स्वतंत्र लेखापरीक्षणातून सिद्ध करावा, मालकी कोणाची ते जाहीर करावे, ग्राहकांचा डेटा विकल्यास जबर दंड व्हावा, माहिती फुटली तर ग्राहकाला वेळेत कळवावे. असा नियम ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. २०२२ च्या आदेशाने ग्राहकांची मालकी-रचना विचारली, कंपनीच्या दाव्यांची तपासणी मात्र नाही. खोटे बोलणारी कंपनी या नियमात सुखाने नांदू शकते. अडचण होते ती खरे बोलणाऱ्या कंपनीची.

युरोपने हा वाद आपल्याआधी घातला. २००६ च्या निर्देशाने तिथल्या दूरसंचार कंपन्यांना सर्व ग्राहकांच्या संपर्कांच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षे ठेवायला लावले होते. ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो निर्देश रद्द केला; ज्यांचा गुन्ह्याशी दूरान्वयानेही संबंध नाही अशा सगळ्यांना त्यात ओढले गेले हे एक प्रमुख कारण. हीच गोष्ट अर्धी सांगून थांबणे मात्र अप्रामाणिक होईल. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी आयपी पत्ते मर्यादित काळ जपून ठेवायला सशर्त वाट मोकळी केली. म्हणजे युरोपही ‘नोंद नकोच’ असे म्हणत नाही. किती, किती दिवस, कोणत्या गुन्ह्यासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली असे विचारतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवताना तराजू हाच दिला आहे: कायद्याचा आधार, योग्य हेतू, आणि हेतूच्या मानाने बेताची उपाययोजना. पहिल्या दोन कसोट्यांवर सर्ट-इनचा आदेश कदाचित उतरेलही. तिसरीवर, पाच वर्षे आणि सरसकट सगळे, हे कसे उतरेल हे मला दिसत नाही.

एका तपशिलाने तर ही विषमता उघडीच पाडली. आदेशावर उद्योगांनी ओरड केली तेव्हा सर्ट-इनने खुलासा केला की कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही. हिंजवडीतल्या अभियंत्याने ऑफिसचे काम घरून बोगद्यातून करावे, त्याला हरकत नाही. तोच अभियंता संध्याकाळी स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी बोगदा घेऊ लागला की वहीत नाव. धंद्याच्या गुपिताला सरकारने मान दिला. नागरिकाच्या गुपिताला उद्देश विचारला.

हा आदेश एकटा नाही. २०२१ मध्ये संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने व्हीपीएन सरसकट बंद करण्याची शिफारस केली होती. काश्मीरमध्ये २०२० च्या सुरुवातीला मोजक्या संकेतस्थळांपुरते इंटरनेट सुरू झाल्यावर लोकांनी व्हीपीएनचा आधार घेतला, तेव्हा फेब्रुवारीत पोलिसांनी थेट बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला. मे २०२५ मध्ये जम्मू विभागातल्या राजौरीसारख्या जिल्ह्यांत व्हीपीएन वापरावर बंदीचे आदेश निघाले. जानेवारी २०२५ च्या सुमारास ॲपल आणि गूगलने केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशावरून आपल्या भारतीय दुकानांतून काही व्हीपीएन ॲप काढली; त्यांत क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ हे लाखो लोक वापरत असलेले ॲपही होते. सर्व्हर निघून गेल्यावर आणि कंपनी हाताला लागत नसल्यावर सरकारला पकडता येईल असा दुवा उरला तो ॲपच्या दुकानाचा. नोंदवहीचा नियम मोडल्याची शिक्षा शेवटी वापरणाऱ्यालाच भोगावी लागली: त्याला ओळखीचे, तपासलेले ॲप दुकानात मिळेनासे झाले, की तो कुठल्या तरी अनोळखी दुव्यावरून फाइल उतरवतो.

याला पर्याय आहे आणि तो अज्ञात नाही. सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात ‘तातडीने जतन करा’ अशी तरतूद आहे: ठरावीक संशयितापुरती, ठरावीक प्रकरणापुरती, जी माहिती त्या क्षणी अस्तित्वात आहे ती पुसू नका, जास्तीत जास्त ९० दिवस, मुदत वाढवायची तर पुन्हा मागा. भारत या कराराचा सदस्य नाही. तसे कलम देशी कायद्यात न्यायाधीशाच्या सहीसह आणले, तर तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी हालचाल करता येईल आणि उरलेल्या कोट्यवधी लोकांची वही उघडावी लागणार नाही. यात एक किंमत आहे, ती मान्य करायला हवी. जी नोंद मुळात झालीच नाही ती गोठवता येत नाही. काही गुन्हेगार या फटीतून निसटतील. २०२२ च्या आदेशानंतरही ते निसटतच आहेत, सिंगापूरच्या सर्व्हरवरून.